लंब्याच्या फोनचं उत्तर

प्रिय लंब्या,

'प्रिय' पत्राची रीत म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. तुझा फोन दुकानात येतो, माझा भागीदार हाक मारतो आणि मी आतूनच ओरडतो की काच अर्धी कापून झालीय, हात सोडता येत नाही. खरं तर काच आख्खी पडलेली असते. मला तुला ताटकळत ठेवायचं असतं. तुला काय हवंय ते भागीदाराने सांगितलं मला. त्याचं उत्तर देईन, पण माझ्या सवडीने. आणि पत्रातच, कारण फोनवर तू मधेच गोड बोलशील आणि बोलण्यात तुझा हात कोण धरणार? आपण दोघे या दुकानात होतो तेव्हा गिऱ्हाइकांकडे मापं घ्यायला तू जायचास आणि काच मी कापायचो. माझ्या घरातलं फुटकं तावदान बदलायलाही तूच गेलास, कारण मला स्वतःच्या घरासाठी वेळ नव्हता. तावदान अजून आहे. बायको गेली.

माझी लेक मुंगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तिची आई तिला शेजारच्या शिवणाच्या काकूंकडे 'आलेच' म्हणून ठेवून गेली. मी कामावरून आलो तर पोर मशीनखाली कापडाच्या तुकड्यांत झोपलेली. काकू म्हणाल्या, "अजून आली नाही हो तुमची बायको." मग दुकानात कळलं की तूही आला नव्हतास. दोन आणि दोन चार करायला मला सगळ्या गल्लीपेक्षा जास्त वेळ लागला. त्यानंतर मी रोज तुझ्यावर सूड उगवला, मनातल्या मनात. खांद्यावर भला मोठा आरसा घेऊन मी रस्त्याने जातोय, तू समोरून येतोस, आणि मी तुला त्यात तुझं तोंड दाखवतो. काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. पण सूड घ्यायला माणसाला निवांतपणा लागतो रे. तो मुंगीने मला लाभू दिला नाही.

तुझ्याबद्दल जरा चांगलंसं वाईट चिंतायला बसावं, तर दूध उतू जायचं. शाळेची वेळ झालेली आणि एक बूट सापडायचा नाही. वेणी तर मला यायचीच नाही. काकूंनी खुर्चीच्या पाठीला सुतळीचे तीन पेड बांधून शिकवली. माझ्या बोटांना कायम चिकटपट्ट्या, त्यांत तिचे केस अडकायचे आणि ती ओठ घट्ट मिटून बसायची. माझी वेणी शाळेपर्यंत टिकणार नाही हे तिला ठाऊक असायचं, म्हणून ती शेवटचं टोक मुठीत धरून चालायची. मला वाईट वाटू नये म्हणून. एवढीशी पोर. मी त्या मुठीकडे बघायचो आणि तुला शिव्या घालायचो. मग हळूहळू नुसता मुठीकडेच बघायला लागलो.

एक दुपार तुला सांगायलाच हवी. शाळेतून उवा आल्या होत्या. मी तिला खिडकीपाशी उजेडात बसवून, मांडीवर पांढरा कपडा पसरून, फणी फिरवत होतो. तिने एकदम विचारलं, "बाबा, आई का गेली?" लंब्या, या प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो. तुझं नाव, तुझी करणी, तिच्या आईची करणी, सगळं जिभेवर होतं. एकदा बोललो असतो तर त्या पोरीने तुम्हा दोघांचा जन्मभर तिरस्कार केला असता, आणि तोच माझा सूड होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्या उवांमुळे?"

फणी माझ्या हातात तशीच राहिली. तिच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदाच उवा झाल्या होत्या, आणि आई जाऊन कैक वर्षं झाली होती. पण जगात कुठेही काही बिनसलं की लेकरू आधी आपलंच डोकं तपासतं. मी म्हणालो, "नाही गं. तिला इथे राहवेना. त्यात तुझं काहीच नव्हतं." तुझं नाव मी गिळलं. विषासारखं खाली उतरलं ते. तुझ्यावर दया आली म्हणून नाही गिळलं. ते विष आधी तिच्या पोटात जाणार होतं, म्हणून.

आज ती सोळाची आहे. उंचीने माझ्या कानाला लागते, माझ्याशी वाद घालते, माझ्या चहात साखर कमी टाकते. तू माझं घर फोडलं नसतंस तर मी कसा बाप झालो असतो ते मला ठाऊक आहे. रविवारी गालगुच्चा घेणारा, तिची इयत्ता बायकोला विचारणारा. म्हणून तुझे आभार मानायला हवेत. हे लिहिताना दात-ओठ खातोय, पण लिहितोय.

आता तुझ्या फोनचं उत्तर. मुंगीची आई तुलाही सोडून गेली हे ऐकलं त्या दिवशी मी दुकानात शीळ घालत काम केलं. खोटं कशाला बोलू? मग कळलं की तुमची चार वर्षांची मुलगी ती तुझ्याकडेच ठेवून गेलीय, आणि ती मुलगी तू माझ्याकडे ठेवायला बघतोयस. भागीदाराला म्हणालास, "तिची बहीणच आहे तिथे, आणि त्याला जमतं सगळं." मला जमतं होय? भागीदाराकडून मुंगीलाही सगळं कळलं, आणि तिने बहिणीसाठी कपाटाचा खालचा कप्पा रिकामासुद्धा केला. मी नाही म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तू त्या लहान पोरीवर सूड उगवतोयस." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मला तिच्याजवळ तोंडाने सांगता आलं नाही ते तुला लिहितो. तुझी मुलगी तुझ्याकडेच राहील. तिला मी घेतलं तर तू पुन्हा मोकळा सुटशील, मापं घेत गावभर हिंडायला. नाही लंब्या. तुझं दूध उतू जाऊ दे. बूट शोध. तिने काही विचारलं की तुझी जीभ टाळूला चिकटू दे. तुला याहून मोठी शिक्षा देणं मला जमलं नाही, आणि मला स्वतःला याहून चांगलं काही आयुष्यात मिळालेलं नाही. मुंगी दर रविवारी बहिणीला भेटायला येईल. मी खाली रस्त्यावर थांबेन. तू खाली उतरू नकोस. आणि एवढं करूनही तुझ्याच्याने झालं नाही, पळावंसंच वाटलं, तर तिला कुणाकडे 'आलोच' म्हणून ठेवू नकोस. सरळ इथे आणून सोड. दार उघडेन. फक्त मग ती माझी. परत मागायला यायचं नाही.

तुझा कुणीही नसलेला,
मुंगीचा बाबा