रतन अंगानं भरली

४ नोव्हेंबर १९७३, रविवार
दुपारी आबा, माझा बाप, दारात. मेंढरं गावाबाहेर उभी. म्हणाला, "अंजे, घोडी वढ्यात बसली. उठंना."
मी आणि हे धावत गेलो. सगळं बिऱ्हाड रतनच्या पाठीवर: भांडी, घोंगडी, कोंबड्यांची डालगी. ते उतरवलं तेव्हा कुठं उठली. दुष्काळानं नुसता सांगाडा केलाय तिचा. ओझं महादूच्या तट्टावर घातलं. महादू माझा चुलतभाऊ, आबाबरोबर हिंडतो. दोघं बाकीच्या मेंढक्यांबरोबर वेळापूरकडे निघालेत, तिकडं कालव्याच्या पट्ट्यात चारा आहे. रतन माझ्याकडे ठेवली.
"तू शिकल्याली हायस. बघ काय हुतंय का. ह्या खेपंला ती चालायची न्हाय."
चहासुद्धा घेतला नाही. आबाची तब्येत विचारायची राहिली.

५ नोव्हेंबर
चूक झाली. रात्रभर हरभरा भिजवला होता, सकाळी घमेलंभर पुढ्यात ठेवून शाळेत गेले. मोठ्या खुशीत ठेवला. दुपारी येते तर रतन जमिनीवर लोळतेय, मान वळवून सारखी कुशीकडे बघतेय. पोट फुगलेलं. हे सायकलचं दुकान बंद करून सांगोल्याला गेले, जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. नाकातून नळी घालून औषध दिलं. मग आळीपाळीनं तिला चालवत राहिलो. दिवेलागणीला लीद पडली, तेव्हा जिवात जीव आला.
डॉ. म्हणाले, "बाई, उपाशी जनावराचं पोट दाण्याला तयार नसतं. आधी वैरण. दाणा मागाहून, तोही मूठमूठ."

१७ नोव्हेंबर
कडबा बारीक तोडून, थोडा थोडा, दिवसभर. एकदम मोठा भारा नाही. हिरवा घास अगदी चिमटीनं. पाणी पुढ्यात कायम, मिठाचा खडा बांधलाय. मधल्या सुट्टीत घरी येऊन जाते. शाळेतल्या बाई हसतात, "घरी बाळ ठेवून आल्यासारखं करता." लग्नाला सहा वर्षं झाली.

९ डिसेंबर, रवि.
खाते, पण अंगी लागत नाही. घास चघळून त्याचे बोळे खाली टाकते. डॉ.ना पुन्हा बोलावलं. जबड्यात हात घालून म्हणाले, दाढांना धारा आल्यात, गाल आतून कापलेत. कानशीनं घासल्या. ह्यांनी डोकं धरलं, मी डोळे मिटले. जंताचं औषधही आता दिलं, आधी तिला झेपलं नसतं.
इतकी वर्षं दुखत असेल. आबाला कळलं नसेल? की कळूनही…

२६ डिसेंबर
गव्हाचा कोंडा ओला करून, सकाळ-संध्याकाळ. आता भिजवलेला हरभरा, मूठभरच. लीद बघून मग पुढची मूठ. घाई नाही.

१३ जानेवारी १९७४
उद्या संक्रांत. महादू बाजरी न्यायला आला. आबानं विचारलंय, "रतन कशी हाय?" दर वेळी तेच. म्हटलं, सांग, सुधारतेय, शेपटीजवळचा खड्डा भरत आलाय.
जेवताना महादू म्हणाला, "अक्का, आबा लई खोकतोय. भाकर गिळत न्हाय. आंबिलीवर हाय. तुला सांगू नगं म्हणलाय."
"मग सांगितलंस कशाला?"
"माज्यानं ऱ्हावंना."
पोत्याबरोबर तीळगूळ दिला. कडक आहे, त्याला चावेल का हे नंतर सुचलं.

३ फेब्रुवारी, रवि.
आज वेळापूरला जायचं ठरलं होतं. नालबंद आला, महिनाभर निरोप देत होते त्याला. र.चे खूर वेडेवाकडे वाढलेत, तो पुन्हा कधी येईल कोण जाणे. गेले नाही. पुढच्या रविवारी.

१० फेब्रु.
उद्या शाळा तपासणी, तयारीला रविवारीही बोलावलं. नाही गेले.

२ मार्च
र. ओळखू येत नाही. फासळ्या हाताला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. पाठ गोल झालीय. तट्टावर बाजारला जाणारे थांबून बघतात. महादूकडे निरोप धाडला: घोडी पूर्वीसारखी झाली, आबाला म्हणावं बघायला ये.
मला वाटलं, त्या निमित्तानं येईल, चार दिवस ठेवून घेता येईल.

१७ मार्च, रवि.
आबा आला. महादूबरोबर, एस.टी.नं. ओट्यावर कोण बसलंय ते आधी कळलंच नाही. पटका तेवढा मोठा, खाली माणूस राहिलेलं नाही.
उठून रतनकडे गेला. पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला, तोंड उघडून दाढा बघितल्या. "लई चांगली राखलीस, अंजे." तिच्या मानेवर त्याचा हात होता, मनगट माझ्या बोटांएवढं.

१९ मार्च
त्याला सांगोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. सोलापूरला जाऊन छातीचा फोटो काढा म्हणाले, उशीर करू नका. आबा वाटेत म्हणाला, "फोटू काढून काय हुतंय?"
"आबा, तू ऱ्हा की हितं. मी रजा काढते."
"मेंढरं जेऊरकडं चालली. ती काय माज्यासाठी थांबत्यात व्हय?"
मऊ भात केला. चार घास खाल्ले, माझ्याकडे बघून.
तो झोपल्यावर महादू बोलला. "आमी त्याला घरीच बस म्हणत हुतो, अक्का. चालवतच न्हाय त्याला. दोन मैलांत धा येळा बसतो. कबूल बी झाला हुता. मग तुजा निरोप आला. म्हणला, रतन धडधाकट झाली, आता तिच्यावर बसून हिंडतो."

२० मार्च
गेला. ह्यांनी आणि महादूनं धरून वर बसवलं. आबाला घोडीवर बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्यात घोडी बिऱ्हाडासाठी, माणूस पायी. लाज वाटत असावी त्याला, खाली बघत होता. मी लगाम धरून ठेवला.
"सोड, अंजे."
"आबा, पाया पडते. नको जाऊ."
"घरात बसून मरायला मला येत न्हाय, बाळा."
सोडला. र. डौलात गेली, एकदाही अडखळली नाही. महादू दाण्याची पिशवी घेऊन मागं.
ह्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. त्यांचा काय दोष?

२८ मार्च
ती तशीच राहिली असती तर. रोज मूठमूठ दाणा घालताना एकदा तरी मनात… हे म्हणतात, असा विचार करू नये, मुक्या जनावराला चांगलं केलंस. केलं. आणि एकदाही वेळापूरला गेले नाही.

७ एप्रिल, रवि.
दोघं वेळापूरला जाऊन आलो. मेंढरांचा वाडा उठलाय, जेऊरच्या वाटेला लागलेत. स्टँडवर एक मेंढका भेटला, चार दिवसांमागं त्याला वाटेत दिसले होते म्हणाला. खूण विचारली तर लगेच, "तांबडी घोडी ना? काय जनावर, बाई. कुणी पोसलंय कुणास ठावं."
"तिच्यावर म्हातारा होता का कुणी?"
त्यानं आठवून बघितलं. "असंल. माजं ध्यान घोडीकडं हुतं."
जेऊरला रेल्वेनं जाता येईल. उद्या रजेचा अर्ज देते.