अठ्ठावीस मिलिमीटरची बाही

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी पूर्ण केला, पण त्या कामात राहिले नाही. नव्या खाजगी विमान कंपन्या निघाल्या, त्यातल्या एकीनं मला घेतलं. पाच वर्षं मी विमानात काम करते आहे. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता मला गणवेश घालून तीन माणसांसमोर उभं राहायचं आहे. माझ्या डाव्या हातावरचा डाग त्यांना दिसला, तर मला पुन्हा विमानात चढू देणार नाहीत. आज शुक्रवार आहे. मी मंगळवार पेठेतल्या आपल्या घरात, तुमच्या शिलाई मशीनच्या पाटावर कागद ठेवून लिहिते आहे.

तुम्हाला आमचे नियम आवडले असते. नख बोटाच्या बाहेर किती यायचं, ते ठरलेलं आहे. अंबाडा कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत, जाळीत बसवलेला, एक केस सुटलेला चालत नाही. लिपस्टिकच्या चार छटा, त्यांतलीच एक. स्कर्टची कड गुडघ्यापासून किती खाली, ते पट्टी लावून बघतात. दर तीन महिन्यांनी वजन होतं. बाकीच्या मुली या सगळ्याला वैतागायच्या. मला पहिल्या दिवसापासून बरं वाटलं, कारण नीटनेटकं म्हणजे किती, हे तिथं कुणीतरी आकड्यात सांगत होतं. वजनकाट्यावर उभ्या राहताना सगळ्या मुली श्वास रोखून धरतात, त्यानं काही फरक पडत नाही हे माहीत असूनसुद्धा. तेव्हा मला तुमच्या दुकानात मापाला उभे राहिलेले हवालदार आठवतात. सगळे पोट आत ओढून उभे राहायचे, आणि तुम्ही टेप हातात धरून त्यांच्याशी तालमीच्या, दुधाच्या गप्पा मारत बसायचा. बोलता बोलता पोट सुटलं की टेप फिरवायचा. "श्वास सोडा पावणं. कापड तुम्हास्नी घालायचं हाय, फोटोला न्हाई."

मला घेतलं तेव्हा गणवेशाची बाही मनगटापर्यंत होती. डाग झाकला जात होता, म्हणून डॉक्टरांनी फक्त एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता, डाग कशामुळे. मी लिहिलं, "लहानपणी वडिलांच्या दुकानात, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे भाजले." खाली सही केली. गेल्या महिन्यात गणवेश बदलला. नवी बाही कोपराखाली थोडीच येते. तुम्ही मला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाल्यावर दिलेली सहा इंची स्टीलची पट्टी लावून मी मोजलं. बाहीची कड जिथं संपते, तिथून अठ्ठावीस मिलिमीटर डाग बाहेर राहतो. तीन आठवडे मी त्यावर फाउंडेशनचे दोन थर लावून उडत राहिले. विमानातल्या ओव्हनपाशी उभं राहिलं की घाम येतो आणि ते उतरतं. एका पाहणीत आमच्या सुपरवायझर बाईंनी माझा हात धरला, ओल्या कागदानं पुसला आणि डाग बघितला. त्या रागावल्या नाहीत. दहा दिवसांनंतरची तारीख दिली, आणि तोच फॉर्म नव्यानं भरून आणायला सांगितला.

आता तो दिवस सांगते. तुम्हाला त्यातला अर्धाच माहीत आहे. मी सहावीत आहे, शाळेच्या संचलनासाठी मुली निवडायच्या आहेत. माझ्या स्कर्टच्या चुण्यांना पोलिसांच्या पँटसारखी धार हवी, असं माझ्या डोक्यात आहे. तुम्ही तयार कपडे घेऊन पोलीस लाइनीत गेला आहात. दुकानात मी आणि मामा. मामा, म्हणजे आपला बाहीचा कारागीर. नात्यानं कुणी नाही, पण मला शाळेतून आणायचा तोच. त्यानं कोळशाची इस्त्री निखाऱ्यांनी भरली, तिवईवर मधोमध ठेवली आणि म्हणाला, "आनखी निखारं घिऊन आलो. हात लावू नगंस, हाड मोडंल एवढी जड हाय." तो शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीकडे गेला. मी स्कर्ट पसरला आणि दोन्ही हातांनी इस्त्री कडेला ओढली. ती उचलली गेली नाही. ती कडेवरून घसरली आणि माझ्या हातावर पडली.

तुम्ही आलात तेव्हा मामानं माझा हात पाण्याच्या बादलीत धरला होता. तुम्ही आधी हात बघितलात, मग तिवई. विचारलंत, "इस्त्री कडंला कुणी ठेवली?" मी एक शब्द बोलले. "मामानं." मामा म्हणाला, "मालक, पोरीला परत इचारा की." तुम्ही म्हणालात, "माझी पोर खोटं बोलत न्हाई. कातर उचल." कारागिराची कातर त्याची स्वतःची असते, मशीन मालकाची. कातर उचल म्हटलं की पुढं काही बोलायचं उरत नाही. मामानं पाटावरची कातर घेतली, फडक्यात गुंडाळली. जाताना माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे. मी काही बोलतेय का, हे बघत होता. मी बादलीत बघत राहिले.

त्यानंतर बाह्या तुम्ही बसवायला लागलात. तुमची कॉलर बघायला लोक यायचे, पण बाही तुम्हाला कधीच बसली नाही, खांद्याजवळ मुंढ्याला चुण्या पडायच्या. एका फौजदारानं शर्ट परत आणून पाटावर टाकला तो दिवस मला आठवतो. "हात वर केला की शर्ट पँटीतनं भाईर येतोय. मास्तर, आमी काय सलाम ठोकायचा न्हाई व्हय?" तुम्ही हसून घेतलंत आणि घरी येऊन जेवला नाहीत. हळूहळू खाकीचं काम गेलं, बँडवाल्यांचं गेलं. माझे शाळेचे ब्लाऊज मात्र तुम्ही पूर्ण बाहीचे शिवत राहिलात, कफ लावून. नियम अर्ध्या बाहीचा होता, म्हणून गळ्यात टेप तसाच ठेवून मोठ्या बाईंना भेटायला शाळेत आलात. मला लाज वाटली होती. टेपची नव्हे.

मंगळवारी मी इथे आले ते तुमच्या मशीनसाठी. कंपनीनं दोन गणवेश दिले आहेत. एकाची बाही उसवली, आत दाबलेलं कापड असेल तेवढं सोडावं म्हणून. तुम्ही शाळेच्या कपड्यांत दोन-दोन इंच मार्जिन ठेवायचा, पोरं वाढतात म्हणून. इथं पाच मिलिमीटर होतं. ते सोडून तेवीस उरले. मग दुसऱ्या गणवेशाच्या पाठीतलं कापड कापून जोड दिला. तीन वेळा शिवला, दोन वेळा उसवला. जोड दिसत होता. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "विमानात पोरींचं हात बघत्यात व्हय गं? मानसानं च्याचा कप बघावा का हात?"

मी म्हटलं, "नियम आहे."

"कसला नियम. दोन दिस पोटात घास न्हाई तुझ्या. त्या मामाकडं जा की कागलला, स्टँडम्होरं दुकान हाय म्हनं त्याचं. बाही बसवावी तर त्यानं." आणि मग, भाकरी थापायला वळता वळता, "तुझा हात भाजला त्यानं. एवढं तरी करंल."

मी आईला सांगायला हवं होतं. मी पिशवी भरली.

कागलला मी काल गेले. एसटी स्टँडसमोर दहा फुटांचं दुकान, दाराला शाळेचे निळे शर्ट टांगलेले. मामाचे केस पांढरे झाले आहेत, चष्म्याला दोरी आहे. त्यानं मान वर न करता विचारलं, "कुनाकडच्या पावन्या?" मी दोन्ही गणवेश पाटावर ठेवले. ठेवताना हात पुढं आला. त्यानं हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"मालकांची पोर न्हवं?"

"हो."

"डाग मोठा झाला की गं."

"हात वाढला, तसा तोही."

"बघू तरी. माझ्या नावाचा डाग हाय त्यो." असं म्हणून त्यानं माझा हात उजेडात धरला, दुकानातलं एखादं कापड धरावं तसा. दुकानात दोन बायका मापं द्यायला थांबल्या होत्या. त्या ऐकत होत्या. माझी मान ताठ होती. आम्हाला ती तशी ठेवायला शिकवतात.

मी काम सांगितलं. त्यानं बाही उलटी केली आणि माझे टाके बघितले. "ह्ये कुनी केलंय? तू? बापावर गेलीयास." मग कंपनीची शिलाई बघून म्हणाला, "आन ही कुठली शिलाई म्हनायची. आत बोटभर कापड न्हाई. जेवायला बोलवून पत्रावळ पुसून ठिवल्यागत." त्या बायका हसल्या. मग त्यानं टेप घेतला आणि म्हणाला, "हात सोड. श्वास सोड." तुमच्याच दुकानात शिकलेलं. मला श्वास सोडता आला नाही, आबा. तो टेप धरून थांबला. शाळा सुटायची वेळ, यंदाचा ऊस, असं काहीबाही बोलत राहिला, मी विसरेपर्यंत.

त्यानं माझा जोड काढून टाकला. पाठ कापलेल्या गणवेशातून उभ्या धाग्यात नवं कापड कापलं, जोड एका बारीक दुमडीखाली घेतला आणि कडेला तशीच दुसरी दुमड घातली, म्हणजे मुळातच कफ असावा असं वाटतं. उजवी बाहीही तशीच केली. दोन तास तो मान खाली घालून बसला होता. इस्त्री आता विजेची आहे. ती मात्र त्यानं माझ्यापासून लांब, भिंतीकडे ठेवली होती. मुद्दाम की सवयीनं, ते मला कळलं नाही. मी बाही चढवली. हात पुढं केला, वर केला, ट्रे धरल्यासारखा वाकवला. डाग दिसत नाही. कुठल्याच कोनातून दिसत नाही.

मी निघाले तेव्हा तो सुया गोळा करत होता. म्हणाला, "एक इचारू? मालक शेवटाला काय म्हनत हुतं? माझ्याबद्दल?"

याचं उत्तर मला माहीत आहे. तुम्ही शेवटच्या आजारात होतात, खाटेवर. म्हणालात, "मामाला बोलवून घिऊ का गं? चुकला असंल, मानूसच हाय." मी तुमच्या उशाला बसून औषधाची बाटली हलवत होते. मी म्हटलं, "नको, आबा." तुम्हाला वाटलं, माझा राग अजून गेला नाही. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि तो विषय सोडला. तो आला असता तर तुम्ही त्याला परत विचारलं असतं, एवढंच माझ्या मनात होतं.

मामाला मी म्हटलं, "आठवण काढायचे."

"आन इस्त्रीचं?"

"गाडी लागली," मी म्हटलं. गाडी लागली नव्हती. मी स्टँडवर चाळीस मिनिटं उभी होते आणि त्याच्या दुकानातून तो फलाट सरळ दिसतो.

आता फॉर्म. आज सकाळपासून तो माझ्यासमोर आहे. नाव, जन्मतारीख, डागाची लांबी रुंदी, सगळं भरून झालं आहे. तो रकाना राहिला होता. खरं लिहिलं, तर पाच वर्षांपूर्वीच्या फॉर्मशी ते जुळत नाही. खोटी माहिती दिली म्हणून काढतात, मग डाग दिसो वा न दिसो. नोकरी गेली तर मुंबईची खोली सोडून मला इथं यायला लागेल, आणि रोज दुकानातून घरी आलेल्या या तिवईसमोर बसायला लागेल. आईनं ती टाकलेली नाही, तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. मी दुपारभर पेन धरून बसले. दोनदा बाही चढवून बघितली. ती इतकी चांगली बसली आहे की मला अंगावर सहन होत नाही. शेवटी तो रकाना मी भरला. तेच वाक्य, तेच शब्द, म्हणजे दोन्ही फॉर्म जुळतील. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. ज्यानं काल ही बाही शिवली, त्यालाच मी आज पुन्हा कातर उचलायला लावली. या वेळी कुणी म्हटलंही नाही, पोरीला परत विचारा म्हणून.

इस्त्री मी ओढली होती, आबा. मामानं ती मधोमध ठेवली होती.

हे तुम्हाला पोचणार नाही, हे मला कळतं. हे पत्र खरं तर कागलला जायला हवं. तिथला पत्ता मला माहीत आहे, पाकीट आहे, तिकीटही आहे. म्हणूनच ते मी तुम्हाला लिहिलं.