वाऱ्याची सरासरी

ती. मामांना नमस्कार.

गुडघा आता वाकतो का? मामींच्या धाकात आहात, म्हणजे सुधारत असणार. आम्ही दोघे सुखरूप आहोत. या वाक्याचे वजन पुढे कळेल.

तुमच्या सांगण्याप्रमाणे रविवारी तुमची विकायची शिडाची होडी गिऱ्हाइकाला पाण्यावर नेऊन दाखवली. गिऱ्हाईक दंतवैद्य आहेत, सभ्य माणूस (बूट काढून होडीत चढले). निघण्याआधी हवामानाचा अंदाज पाहा, असे तुम्ही बजावले होते. आम्ही दोन पाहिले. एकात वारा पश्चिमेकडून, ताशी तीस. दुसऱ्यात पूर्वेकडून, तोही तीस. तुमच्या भाचेसुनेने (वीस वर्षे गणित शिकवते, वाद कोण घालणार) एक अधिक धरला, एक उणे, आणि सरासरी काढली. शून्य. मग काळजी कसली? वल्ही घेतली, शीड नुसते शोभेला चढवले आणि ते उतरवायचे कसे हे विचारायला तुम्हाला फोन करणार होतो, तो केला नाही.

बंदराची भिंत ओलांडली आणि पश्चिमेचा वारा आला. मामा, होडी अशी सुटली की माझी टोपी मागे राहिली आणि पोटही. शीड उतरेना. दंतवैद्य तळाशी आडवे. मी सुकाणूला लोंबकळत होतो आणि (हे मामींना सांगू नका) आनंदाने ओरडत होतो. ही एका हाताने डोलकाठी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर अंदाज बघत होती.

‘काय म्हणतोय?’ दंतवैद्यांनी खालून विचारले.

‘पूर्वेचा यायचाय अजून. तो आला की फिटंफाट.’

आणि तो आला, मामा. तासाभराने आला, होडी वळवली, आणि त्याने आम्हाला निघालो त्याच धक्क्यावर आणून आदळले. एकूण प्रवास शून्य. तेव्हापासून घरात माझे काही चालत नाही. (आधीही चालत नव्हते, पण आता पुरावा आहे.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. इतकी धोक्याची होडी एका भल्या माणसाच्या गळ्यात मारणे माझ्या मनाला पटत नाही.

आणखी ता. क. भला माणूस खूश आहे. उतरल्यावर ‘अजून एक फेरी’ म्हणाला. एक-दोन दिवसांत तुम्हाला फोन करेल. उचलू नका. होडी आम्हाला हवी आहे. हिने शीड धुऊन आमच्या बैठकीच्या खोलीत वाळतही घातले आहे.