भूकंपाची बॅग

५ फेब्रुवारी, सकाळी
आज जयपूर हललं. फार नाही, कपाटातल्या बशा वाजल्या. मी अजिबात घाबरलो नाही. नीलिमाने हाक मारेपर्यंत पाच मजले उतरून खाली पोचलोसुद्धा. ती मागून सावकाश आली, माझ्या चपला घेऊन. ती पोचायच्या आधीच वॉचमन चंदनजींनी विचारलं, भाभीजी वर आणि तुम्ही खाली कसे? आता जिना सुरक्षित आहे का, ते आधी कुणीतरी बघायला नको? ऑफिसात सेफ्टी वॉर्डन मीच आहे.

६ फेब्रुवारी
भूकंपानंतर म्हणे हार्टचे पेशंट वाढतात. नीलिमाची काळजी वाटते, ती हळवी आहे. तिला लेख वाचून दाखवला. ती मटार सोलत होती.
उपाय: आणीबाणीची बॅग. टॉर्च, बिस्किटं, पाणी, माझ्या बीपीच्या गोळ्या. चार आकडी लॉक. नंबर आमच्या लग्नाची तारीख, १७११. ती कोण विसरेल! संकट आल्याशिवाय बॅग उघडायची नाही, हा नियम.

८ फेब्रुवारी
गोळ्या बॅगेत. नियम म्हणजे नियम. नाहीतरी मला त्यांची गरज नाही, स्वभावच शांत. गोळी घेतली का, असं नीलिमाने विचारलं. गोळ्यांची व्यवस्था झाली आहे, म्हणालो. यात खोटं काही नाही.

११ फेब्रुवारी
टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवलाय. पाणी हललं की निघायचं. दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवतो. डोकं दुखतं, ते चष्म्यामुळे. छाती धडधडते, ते चहामुळे. उद्यापासून चहा बंद.

१२ फेब्रुवारी
चहा सुरू. एकदम काही बंद करणं तब्येतीला चांगलं नाही.

१४ फेब्रुवारी
संध्याकाळी ग्लासातलं पाणी हललं! बॅग उचलली, नीलिमाचा हात धरला (या वेळी आठवणीने) आणि खाली धावलो. खाली वरात. आमच्या सोडाला भागातला अख्खा रस्ता अडवून डीजे चाललेला. पाणी त्यानेच हललं होतं. नवरदेवाच्या फूफाजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, मला नाचायला ओढलं. तिथेच छाती आवळली, दरदरून घाम फुटला. खरं लिहितो, भ्यालो. नीलिमा एकटी पडेल, एवढंच डोक्यात आलं.

१५ फेब्रुवारी, हॉस्पिटल
ईसीजी ठीक. बीपी भलतंच वर. डॉक्टर अनुश्रीजी म्हणाल्या, धक्का ओसरला तरी भीती ओसरत नाही, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो. अशा दिवसांत तर गोळी चुकवायचीच नाही. कोणती गोळी घेता? मी बॅगेकडे बोट दाखवलं. नंबर लग्नाची तारीख, असं नीलिमाला सांगितलं. तिने लावला. लॉक उघडेना. पुन्हा लावला. उघडेना. सतरा अकरा, मी म्हणालो. उघडलं.
सत्तावीस, एवढंच नीलिमा म्हणाली. मॉनिटर जोरात वाजू लागला.

१७ फेब्रुवारी, घरी
डॉक्टरांचा सल्ला: ताण टाळा. नीलिमा सकाळी गोळी हातावर ठेवते, गिळेपर्यंत समोर उभी राहते. बोलत नाही.

१८ फेब्रुवारी
नव्या कॅलेंडरवर सत्तावीस नोव्हेंबरला लाल पेनने मोठा गोल केला. नीलिमा आली, बराच वेळ बघत राहिली. मग हसली. मला एकदम हलकं वाटलं.
महिनाही चुकलाय, म्हणाली.