टीव्हीवरचा दहीभात

रविवार, पौष महिना

सकाळपासून तो दहीभात डोक्यातून जाईना. टीव्हीवर त्या जपानी भुतांच्या कार्टूनचा दुसरा भाग लागला. पहिल्या भागात विहिरीतलं भूत लय हसवायचं. गल्लीतली पोरं त्याच्यासारखं डोक्यावर टोपलं घेऊन हिंडायची. ह्या भागात मात्र त्याचं गाव ओस पडलंय, माणसं कामाला परमुलखात गेलीत, आन् ते उपाशी दारोदार फिरायलंय.

माझ्या घरी बघायला जमलेली पोरं रुसली. "काकू, हे नगं, जुनंच लावा." जसं काही मीच बनवलंय.

शेजारची गयाआत्या तेवढी डोळे पुसत बसली. लेक-सून ऊसतोडीला गेलेत, घरात ती एकटीच. उठून घरी गेली आन् पत्रावळीवर दहीभात आणून माझ्या जुन्या डबा टीव्हीवर ठेवला.

मी म्हणलं, "आत्या, भुताचा उतारा वेशीवर ठेवतात."

"त्याची वेस हितंच हाय," म्हणाली. "आन् हा उतारा न्हाई. जेवण हाय."

पोरं खिदळली. मला टीव्हीचीच काळजी, दही आत गळलं तर?

संध्याकाळी पत्रावळ उचलताना ध्यानात आलं, एवढुसा भात. हा तिच्याच वाटचा असणार. विचारायला गेले तर चूल गार. "भूक न्हाई गं."

अशी कशी भूक न्हाई? रोज हेच चाललंय का काय हिचं?

उद्यापासून हिची भाकर माझ्याच तव्यावर. सरळ बोलावलं तर म्हातारी येणार न्हाई. सांगते, ते भूत एकटं जेवत न्हाई, सोबतीला चला.