पुसण्याची विनंती

३ जुलै, भंडारा
खोली मिळाली! खाली पितळी भांड्यांचं दुकान, दिवसभर टणटण. पण खिडकी मोठी अन् इंटरनेटची तार थेट आत. घरमालकीण मालनबाई म्हणे, कॉलेज सोडून हा डबा कायले पोसून राहिला रे, याले दूध लागते का? हसलो. डबा म्हणजे माझा सर्व्हर. त्या बड्या सोशल मीडिया कंपनीनं कारण न सांगता माझं खातं बंद केलं, म्हणून आता पोरांचं नेटवर्क माझ्या घरी. नाव 'चावडी'. मालक मीच. जगभरचे असे शेकडो सर्व्हर एकमेकांना जोडलेले, पण कोणी कोणाचा साहेब नाही. आसगावची हर्षा पहिल्याच दिवशी आली. तिच्यासाठीच तर केलं सगळं!

९ जुलै
लाइट गेली, चावडी बंद. डिस्क भरली, चावडी बंद. पोरं म्हणतात, तुझ्यापेक्षा कंपनी बरी. फुकटे साले! हर्षानं विचारलं, इथलं खासगी कोणाले दिसत नाही ना? म्हटलं, माझ्या घरात कोण पाहते.

१७ जुलै
मालकाला सगळं दिसतं. आज पाहिलं. ती अनुपला लिहिते, रविवारी पवनीहून बसनं पळून जाऊ, बाबाले समजलं तर जिवंत ठेवणार नाही. अनुप! चावडीवर त्याला मीच घेतलं होतं! डोकं फिरलं. तिचा निरोप सगळ्यांना दिसेल असा टाकला. चहा संपेस्तोवर लाज वाटली. पुसला.

१८ जुलै
पुसला कुठला! फक्त माझ्याकडचा गेला. बाकी सर्व्हरांवर नकला. माझं मशीन त्यांना नुसती विनंती करतं, पुसा म्हणून. एक सोडून सगळ्यांनी ऐकलं. तो एक शहापूरच्या हिरालालचा. फोन केला, त्याची बायको रडायलाच लागली. ते वारले, मशीन तेव्हाच भंगारात दिली बाप्पा, काहून छळून राहिले?

१९ जुलै
त्या सर्व्हरवर हर्षाच्या नावानं नवी ओळ: 'पिशवी भरली.' तिला फोन केला. तिनं लिहिलं नव्हतं. पिशवी मात्र खरंच भरली होती. तुले कसं माहीत, म्हणाली. मग समजली. नीच म्हणाली. बरोबर म्हणाली. तिनं फोन आपटला. सर्व्हर ब्लॉक केला — ओळ चावडीवरच उगवली. तिचा बाप मोतीलाल तिथंच वाचत बसतो.

२० जुलै, रविवार
तार उपटली. बॅटरी काढली. हिरवा दिवा जळतोच. हातोडा घातला — मालनबाई ओरडून राहिली — डबा फुटला, तरी मोबाइलवर ओळी —
'पवनीच्या स्टँडवर.'
'बसमध्ये खिडकीजवळ.'
मोतीलालनं वाचलं. ओळीखाली 'पाहिलं'मध्ये त्याचं नाव.
हर्षा फोन उचलत नाही. अनुपचा बंद. पवनी इथून तासाभराची वाट —
'पुसा' दाबतो. दाबलं की ओळ वाढते. मीच वाढवून राहिलो काय — पुन्हा दाबलं —
'बाबा बसमध्ये चढले.'
नाही — हर्षा, उठ, मागच्या दारानं —
'बाबांनी माझा हा