आडवं वारं

१२ फेब्रु.
शाळेतून येऊन चपला काढते तोच लेकीचा, प्रज्ञाचा फोन, विमान चालवायला शिकते तिथून. आजही एकटीला विमान दिलं नाही. बरोबरीची सगळी पोरं एकेकटी उडून आली, आमची तेवढी राहिली. वर गेल्यावर चांगलं चालवते, सरही म्हणतात. उतरताना आडवं वारं असलं की घोटाळा होतो. समोरून असलं तर उलट बरं म्हणे, विमान जमिनीवर सावकाश येतं. मी आजवर समोरच्या वाऱ्याला शिव्याच दिल्या, सायकलवर.
आता एक शेवटची टेस्ट. नाही जमलं तर बाई, तू घरी जा, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय.
गच्चीवर जाऊन आले. ह्यांच्या पायजम्याचा एक पाय तारेच्या कड्यात शिवून तिनेच काठीला बांधलाय, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून. तिच्या मैदानावर असतो तसा. हे असते तर हसून हसून लोळले असते. इथलं, आमच्या मानवतचं वारं तिकडे परराज्यात तिच्या काय कामाचं? तरी रोज बघते. आज पश्चिमेकडून, बेताचं.
भाकरी एकच केली. तीही अर्धी उरली.

१४ फेब्रु.
आडव्या वाऱ्यात उतरतात तरी कसं, विचारलं. नाक वाऱ्याकडे वळवून तिरकंच यायचं म्हणे.
"म्हणजे तोंड एकीकडं अन् जाणं एकीकडं?"
"हां आई. तवाच ते सरळ जातंय. टेकायच्या वक्ताला नाक सरळ करायचं अन् जिकडून वारं, तिकडचा पंख जरा खाली ठिवायचा. मी लय घाबरायले तिथं. पंख खाली करायला हात धजतच न्हाई."
मग ये निघून. जिभेवर आलं होतं, गिळलं. परभणीत बी.एड.ला नाव घालता येईल, तिची खोली झाडलेलीच असते, वगैरे... जाऊ दे.

१५ फेब्रु., रवि.
आज कहर झाला. प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. हात भरलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. शेजारच्या कमलमावशी समोरच. पोरगी आपली सांगतेय, "आज डावीकडनं वारं आलं आई, डावी बाजूच सावरंना. हाताला ऐकंचना. सरांनी धरलं म्हणून बरं."
मावशी उठून गेल्या. मला वाटलं गॅसवर काही असेल.
थोड्या वेळाने गल्लीतल्या बायका दारात. "पोरीच्या अंगावरून वारं गेलं म्हणं? डावी बाजू गेली?" दुपारी देवगाव फाट्याहून दीर मोटारसायकलवर. संध्याकाळी राणीसावरगावहून वन्सं, एस.टी. बदलत, बरोबर कुणा वैद्याच्या तेलाची बाटली. दारातूनच सुरू, "एवढं तरणं लेकरू, त्याला वारं गेलं, अन् तुमी चहा करायल्या?"
सांगितलं. वारं म्हणजे हवेतलं, विमानाला लागलेलं. पोरगी धडधाकट आहे. वन्सं बाटली हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या त्या जिन्यालाच टेकल्या. "मंग इमानाला लावा हे तेल!"
एवढ्या लांबून आलेल्यांना तसंच कसं पाठवायचं? पिठलं टाकलं, भाकरी थापत बसले. कोपऱ्यातली मोठी परात काढावी लागली. जेवताना दीर म्हणाले, "बास झालं उडणं. बोलवून घ्या तिला." मी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. कुणीतरी म्हणावं असं वाटतच होतं.

१६ फेब्रु.
सकाळच्या गाडीने वन्सं गेल्या. बाटली ठेवून गेल्या, माझ्या गुडघ्यांना.
परात घासून ठेवली. घर फार मोठं झालंय. एवढी माणसं गैरसमजावर आली, पण आली. काल बायका दारात आल्या तेव्हाच बाकीच्यांना थांबवता आलं असतं, फोन करून. मी केला नाही. असू दे.

२० फेब्रु.
टेस्ट होईना. तिकडे वारंच पडलंय. आडवं सुटल्याशिवाय सर टेस्ट घेत नाहीत. पोरगी रोज वाऱ्याची वाट बघतेय.
माझी पंचाईत. वारं सुटू नये म्हणावं, तर ती तिथेच लटकून. सुटावं म्हणावं, तर ते कशासाठी म्हणतेय मी? तिला जमावं म्हणून, की जमू नये म्हणून? खरं लिहायचं तर मला ती घरी हवी आहे. रात्री दाराला कडी घालताना फार हवी असते. हे तिला कळता कामा नये.

२३ फेब्रु., सोम.
सकाळी मेसेज. "वारं सुटलं. डावीकडून. चालले." शाळेत रजा टाकली. कारण: घरगुती.
इथे पायजमा नुसता लोंबतोय, पानही हलत नाही.
कमलमावशी आल्या होत्या, काही कळलं का विचारायला. मी चहा गाळत होते. म्हणाल्या, "बाई, अशा वाकड्या काऊन उभ्या तुमी? कंबर धरली का?"
बघितलं तर खरंच. डावा खांदा खाली करून उभी होते. केव्हापासून, देव जाणे. सरळ झाले, गाळणी ठेवली, आणि रडूच आलं. मावशींना वाटलं कंबरच दुखतेय. वन्संची बाटली शोधायला गेल्या.
फोन समोर ठेवलाय. अजून वाजला नाही. मावशी तेल कोमट करतायत.